जुलै महिन्यातल्या सासूबाई

दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा गेल्या बावीस वर्षांचा पगारी व्यवसाय आहे. स्वतःच्या चुका शोधायचं काम मी घरच्यांवर सोपवलंय, आणि ते हे काम अगदी मन लावून करतात. त्या शनिवारची चूक मात्र कोणालाच शोधावी लागली नाही. ती आमच्या बैठकीच्या खोलीत, पंचावन्न इंची पडद्यावर, माझ्या सासूबाई आणि त्यांच्या चार मैत्रिणींसमोर चालू होती.

मे महिना लागला की आमच्या हार्लेम या डच गावातले ट्युलिप संपतात आणि आया यायला लागतात. कोणाची आई, कोणाची सासू. बरोबर नव्वद दिवसांचा व्हिसा, बॅगेत भाजणी आणि मेतकूट, आणि डोक्यात मुलांच्या संसारात काय काय चुकतंय याची यादी. त्या वर्षी आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या. वय एकाहत्तर. पुण्यातल्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. निवृत्त शाळेतून झाल्या, मुख्याध्यापिकापणातून नाही.

आठवड्याभरात त्यांनी वस्तीतल्या बाकीच्या आयांची हजेरी घेतली आणि पाचजणींचा गट जमवला. नाशिकच्या काकू, सांगलीच्या मावशी आणि एकाच घरात एकाच वेळी येऊन पडलेल्या दोन विहिणी. या विहिणी एकमेकींशी थेट बोलत नसत. शेजारच्या खुर्चीवरच्या विहिणीबद्दल तिसऱ्याच माणसाला सांगत, "त्यांना विचारा, चहा घेणार का."

त्या शनिवारी बायको लायडनला तिच्या प्रयोगशाळेत गेली होती. ती तिथे पेशी वाढवते, आणि पेशींना शनिवार-रविवार कळत नाही. बाहेर पाऊस, त्यामुळे पाचही जणी आमच्या सोफ्यावर.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी कौटुंबिक लावा. मारामारी नको, रडारड नको, आणि तसलं काही नको."

शोधता शोधता मला एक इंग्लंडमधला विनोदी सिनेमा सापडला. खाली वर्णन होतं: खेड्यातल्या महिला मंडळातल्या पोक्त बायका चांगल्या कामासाठी निधी जमवतात. चित्रात किटली, केक आणि हसऱ्या आज्या. याहून कौटुंबिक काय असणार? वर्णनाचं पुढचं अर्धं वाक्य वाचायला एक बटण दाबावं लागत होतं. ते मी दाबलं नाही. बावीस वर्षं चाचण्या घेतोय मी.

पहिला अर्धा तास झकास गेला. पडद्यावरच्या बायका मुरांबे घालत होत्या, पाहुण्यांच्या भाषणात पेंगत होत्या. सांगलीच्या मावशी म्हणाल्या, "अगदी आमचं मंडळ हो!" मी समाधानाने चिवड्याचा डबा फिरवला. मग त्या बायकांनी निधीसाठी कॅलेंडर काढायचं ठरवलं. स्वतःच्याच फोटोंचं. आणि मग त्यातल्या एकीने गाऊनचा पट्टा सोडला.

"अगं बाई!" नाशिकच्या काकू म्हणाल्या.

"थंडी नसेल वाजत?" सांगलीच्या मावशी.

"पाठमोरी आहे," एका विहीणबाईंनी सगळ्यांना धीर दिला.

"त्यांना सांगा, आता वळली," दुसऱ्या विहीणबाई म्हणाल्या.

वळली होती. पुढे केकचं ताट धरलं होतं, पण केक लहान होता. मी रिमोटसाठी झेपावलो. रिमोट सासूबाईंच्या मांडीवर, विणकामाच्या खाली. जावयाने सासूबाईंच्या विणकामाखाली हात घालून चाचपावं, तेही पडद्यावर हे असं चाललेलं असताना, हे मला जमेना. मी हात मागे घेतला.

"आई, बंद करा ना. चुकून लागलाय. दुसरा लावतो. पेंग्विनचा."

"राहू द्या," पडद्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. "गोष्ट कळू दे."

मी चहा करायला गेलो. पाचजणींच्या चहाला दहा मिनिटं पुरतात. मी पन्नास लावली. आलं किसलं, वेलदोडे कुटले, मग वेलदोड्याची सालंही कुटली. बाहेरून हसण्याचे फवारे येत होते. मी ट्रे घेऊन परत आलो तेव्हा सिनेमा संपला होता आणि पाचही जणी, शाळेचा निकाल लागायच्या आधी असते तशा, गप्प बसल्या होत्या.

"कल्पना चांगली आहे," सासूबाई म्हणाल्या.

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरलो.

"कपड्यांची नव्हे हो," त्या म्हणाल्या. "कॅलेंडरची."

आता सासूबाईंना निधी कशाला हवा होता, ते सांगतो. आमच्या शेजारी एक डच आजी राहतात. ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, माझ्याहून चार बोटं उंच. साठ वर्षं दर रविवारी त्या सायकलने समुद्रावर जायच्या, वाळूच्या टेकड्यांमधून, वारा कुठूनही असो. मागच्या हिवाळ्यात पडल्या आणि खुबा मोडला. खुबा जुळला, तोल गेला. तेव्हापासून त्या मागच्या दारी खुर्ची टाकून पश्चिमेकडे तोंड करून बसतात. मी एकदा म्हटलं, गाडीने नेतो. तर म्हणाल्या, "गाडीतून समुद्र बघायला मी काय पर्यटक आहे?"

सासूबाईंची आणि त्यांची मैत्री जमली ताकावरून. आजी दुपारी जेवताना ग्लासभर ताक पितात, हे सासूबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि त्यांचं अख्ख्या डच लोकांबद्दलचं मत तिथल्या तिथे सुधारलं. दुसऱ्या दिवशी आलं-जिरं लावलेलं, घरी घुसळलेलं ताक कुंपणावरून पलीकडे गेलं, ते मग रोजच. दोघींची इंग्रजी दोन वेगवेगळ्या देशांतल्या शाळांमधली. एकमेकींच्या चुका कळत नसल्यामुळे गप्पा सुरळीत चालत. त्यात सासूबाईही जुन्या पुण्यातल्या सायकलवाल्या. पदर खोचून चौतीस वर्षं शाळेत सायकलने गेलेल्या. आजींचं ते पश्चिमेकडे तोंड करून बसणं त्यांना बघवेना.

वस्तीच्या समाजकेंद्रात याच सुमाराला एक जोडीची सायकल घ्यायचं घाटत होतं. शेजारी शेजारी दोन जागा, तीन चाकं, खाली मोटार. एकाने चालवायची, दुसऱ्याने जमतील तेवढे पाय मारायचे. लायडनमध्ये एक वापरलेली मिळत होती, पण ते लोक जुलै लागेपर्यंतच थांबणार होते, आणि केंद्राकडे पैसे कमी पडत होते. सासूबाईंचं परतीचं विमान जुलैच्या शेवटी.

"मी जायच्या आधी तिला समुद्र दाखवायचा," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या शेजारी बसून. पुढच्या वर्षी तिचे पाय साथ देतील की नाही, माझे देतील की नाही, कोणी सांगावं? जावईबापू, तुमच्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना?"

होता. इतका महागाचा, की बायको त्याला 'धाकटे चिरंजीव' म्हणते. त्यातून मी तोवर फक्त ट्युलिप काढले होते. ट्युलिप तक्रार करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर सभा भरली. शेजारच्या आजी धरून सहाजणी, प्रत्येकीला दोन महिने. दोन्ही विहिणींना जानेवारी हवा होता. सासूबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. जानेवारी सासूबाईंनाच आला, शिवाय जुलै. उरलेल्या चिठ्ठ्या तपासायची हिंमत कोणी केली नाही.

"सप्टेंबरात गणपती हवाच," नाशिकच्या काकू म्हणाल्या. "माझ्याजवळ चांदीचा आहे."

"देव नको," सासूबाई म्हणाल्या. "कॅलेंडर कोण कुठे टांगेल, कोण रद्दीत टाकेल, आपल्या हातात नाही. मोदक घ्या."

या एका वाक्याबद्दल मी आजही त्यांच्यापुढे मान झुकवतो.

फोटोंना दोन दिवस लागले. मोदकांना वाफ दिसेना म्हणून नाशिकच्या काकूंनी ते तीनदा उकडले, शेवटच्या फोटोत ते मोदक राहिले नव्हते, पिठलं झालं होतं. एका विहीणबाईंनी कुकर धरला, तर दुसऱ्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझा कुकर त्यांच्याहून मोठा आहे." सांगलीच्या मावशी कॅमेरा दिसला की श्वास रोखत, आणि मी बटण शोधेपर्यंत जांभळ्या होत.

सासूबाईंचे दोन्ही फोटो पहिल्याच फटक्यात आले. त्यातला दुसरा असा: खुर्चीत ताठ बसलेल्या, हिरवी इरकल, चष्मा, आणि हातात ताकाची रवी, गदेसारखी. नजर सरळ. चौतीस वर्षं ज्या नजरेने त्यांनी प्रार्थना संपल्यावर आत येणाऱ्या मुलींकडे पाहिलं, ती. खोलीत कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघतात. तो फोटो जुलैला लावायचं ठरलं.

सगळ्यात शेवटी शेजारच्या आजी आल्या. अंगात टॉवेलच्या कापडाचा पायघोळ गाऊन, हातात काठी, ओठ लालभडक.

"तो सिनेमा मी तीनदा पाहिलाय," त्या मला म्हणाल्या. "कुठे उभी राहू?" आणि त्यांनी गाऊनच्या पट्ट्याला हात घातला.

आमच्या ऑफिसात दरवर्षी आगीची तालीम होते, पण इतकी चपळाई मी तिथे पाहिलेली नाही. सासूबाईंनी सोफ्यावरची शाल ओढली आणि आजींच्या खांद्यांवरून घट्ट लपेटली. हात पुन्हा पट्ट्याकडे जाऊ नयेत म्हणून नाशिकच्या काकूंनी जवळ होतं ते त्यांच्या हातात कोंबलं. तो नारळ होता. शाल आणि नारळ एकदम दिसल्याबरोबर सांगलीच्या मावशींचे हात सवयीने टाळीला गेले, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. अशा रीतीने कपडे काढायला आलेल्या शेजारच्या आजींचा आमच्या घरी जाहीर सत्कार झाला. चकित आणि थोडासा हिरमुसलेला असा तो चेहरा मी टिपला. तो ऑगस्ट.

इथवर मी नुसता हरकाम्या होतो. पण मग मी डोकं चालवलं, आणि घोटाळा तिथे झाला. म्हटलं, अर्धं वर्ष सरलं, जूनमध्ये कॅलेंडर कोण घेणार? त्यापेक्षा वर्ष आणि वार न घालता नुसत्या तारखा छापू. इथे तसली कॅलेंडरं असतातच. तारखेपुढे रेघ असते, त्या रेघेवर लोकांचे वाढदिवस लिहायचे, आणि तेच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं.

"वाढदिवसांचं कॅलेंडर ना?" छापखान्यातल्या माणसाने विचारलं.

"अर्थात," मी ऐटीत म्हणालो.

सासूबाईंना ही युक्ती सांगितली. त्या दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. "डोकं आहे हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांच्या लग्नात हे पहिल्यांदाच. मी तिथल्या तिथे बायकोला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "कोणाबद्दल म्हणाली?"

जूनअखेर वस्तीत रस्त्यावर बाजार भरतो, लोक घरातल्या जुन्या वस्तू मांडतात. तिथे आमचं टेबल लागलं आणि दुपारच्या आत सगळी कॅलेंडरं संपली. लोक सासूबाईंचा हात हातात घेऊन सांगत होते, "आमच्याकडे याला खास जागा आहे. आला-गेला प्रत्येक जण बघेल." सासूबाई धन्य झाल्या. केंद्राचे पैसे जुळले, सायकल आली. चालवणाऱ्याने आधी सराव करायचा असा तिथला नियम, म्हणून सासूबाईंनी दुकानामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये तीन संध्याकाळी सराव केला. वजनाला म्हणून शेजारी मी. वळणावर त्या घंटी वाजवत नव्हत्या, मला कोपराने ढोसत होत्या. विमानाच्या आधीच्या रविवारी आजींना घेऊन समुद्रावर जायचं नक्की झालं.

आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या घरात वाढदिवस होता, तिथे मी आणि बायको गेलो. डच वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात, आणि ज्याचा वाढदिवस त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांचं अभिनंदन करायचं असतं. सगळ्यांचं करून मी टॉयलेटमध्ये गेलो.

इथे एक घरगुती खुलासा करायला हवा. या देशातले पुरुष हे काम बसून करतात. निदान बसून करा अशी पाटी घरोघरी असते. बायको मला सोळा वर्षं तेच सांगतेय. मी ऐकत नाही. म्हणून घरात उगाच वाद होतात.

तर मी उभा. मान वर केली, आणि समोर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, सासूबाई. हिरवी इरकल. रवी.

डच घरात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. ही गोष्ट मला काही त्या दिवशी कळली नाही. सोळा वर्षं माहीत होती. रोज तिथे दोन मिनिटं निवांत जातात, तेवढ्यात कोणाचा वाढदिवस जवळ आलाय ते दिसतं, असा सरळ हिशोब. कितीतरी डच काका-मामांचे वाढदिवस मी तिथे उभ्याउभ्या पाठ केलेत. पण कॅलेंडर म्हटलं की माझ्या डोक्यात येते ती स्वयंपाकघराची भिंत, खिळा, संकष्टी आणि दुधाचे खाडे. या दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात सोळा वर्षं राहत होत्या, त्या दोन विहिणींसारख्या, एकमेकींशी न बोलता.

ज्यासाठी गेलो होतो ते काही झालं नाही. मी आवरलं, का कोण जाणे नमस्कार केला, आणि बाहेर आलो.

घरी येताना रस्त्यात बायकोला सांगितलं. ती हसली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर.

"सगळ्यांच्या घरी?"

"सगळ्यांच्या. बहुतेक आजींच्याही."

"आईला कळलं तर ती त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. तू ओळखतोस तिला. आपल्या लग्नात ज्यांच्या हातून तिच्या साडीवर मठ्ठा सांडला, ते लोक अजून घरी येत नाहीत."

"मग समुद्र?"

"समुद्र राहिला. ती आजी बिचारी कधीपासून रेनकोट काढून बसलीय." घराच्या दारात ती थांबली. "दोन आठवडे आहेत. तू करून ठेवलंयस, तूच निस्तर."

ते दोन आठवडे मी विसरणार नाही. कॅलेंडरमुळे सासूबाई वस्तीत प्रसिद्ध झालेल्या, रोज कोणाकडे तरी कॉफीला बोलावणं. मी घरून काम करायची परवानगी काढली आणि सोबत म्हणून निघालो. घरातून निघताना दारात उभा राहून म्हणायचो, "आई, जाऊन या हं आधी. दुसऱ्यांकडे कशाला."

"आत्ता तर जाऊन आले."

"तरी पण. शिस्त असलेली बरी."

शिस्त म्हटलं की त्या निमूट जायच्या.

तरीही धोका नको म्हणून यजमानांकडे पोचल्याबरोबर मी पहिला आत. कॅलेंडर खिळ्यावरून काढायचं, शर्टाच्या आत पाठीशी खोचायचं, कॉफी प्यायची, आणि निघताना पुन्हा आत जाऊन टांगायचं. कडक पुठ्ठ्यामुळे वाकता येत नसे. "जावई हल्ली पाठ ताठ ठेवून बसायला शिकले," असं सासूबाईंनी बायकोला कौतुकाने सांगितलं. मी प्रत्येक घरी आल्या आल्या आणि जाताजाता धावतो, हे मात्र सगळ्या गटाच्या लक्षात आलं. नाशिकच्या काकूंनी लघवीच्या तक्रारीवर म्हणून गोखरूचं चूर्ण पाठवलं. एका विहीणबाईंनी त्यांच्या दिवंगत यजमानांची सगळी लक्षणं मला फोनवर सांगितली. पाठीमागून दुसऱ्या विहीणबाईंचा आवाज आला, "त्यांना सांगा, ऑपरेशन सोपं असतं."

रविवार उजाडला. स्वच्छ ऊन आणि समोरून सपाटून वारा. सायकल आजींच्या फाटकासमोर उभी होती. आजी पिवळ्या रेनकोटात, ओठ लालभडक, काठी पाठीमागच्या टोपलीत टाकून मोकळ्या झालेल्या. सासूबाईंनी ताकाची बाटली टोपलीत ठेवली. मी आजींच्या जागेचा पट्टा बांधत होतो. आजींच्या घरी त्या दिवशी आत जायचं कारणच नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "निघायच्या आधी जाऊन येते. आमच्या जावयांची शिस्त आहे."

आणि आमच्या घरी जायचं सोडून त्या जवळचं म्हणून आजींच्या दारातून आत गेल्या.

माझ्या हातात पट्टा तसाच राहिला. आमच्या फाटकात उभ्या असलेल्या बायकोने डोळे मिटले. आत कडी लागल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. बराच वेळ. आजी मजेत घंटी वाजवून बघत होत्या.

सासूबाई बाहेर आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आजींसमोर उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या इंग्रजीत, शब्द सुटे सुटे करून म्हणाल्या, "मी तिथे का आहे?"

"तिथे?" आजींना प्रश्नच कळला नाही. "मी रोज सकाळी पहिल्यांदा तिथे जाते. बैठकीत कोण येतंय माझ्याकडे? तिथे गेलं की तू दिसतेस. मी गुड मॉर्निंग म्हणते." मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, "एक तारखेला पान उलटायचं असतं. मी नाही उलटणार. ऑगस्टमध्ये मी आहे. मी मला आरशात दिसते, तेवढी पुरते."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. आणि म्हणाल्या, "सगळ्यांकडे तिथेच आहे?"

"सगळ्यांकडे!" आजी अभिमानाने म्हणाल्या. "डॉक्टरांकडेसुद्धा!"

मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. जुलैची नजर, पण आता हलती-बोलती.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो, आई."

"म्हणून ती शिस्त."

"हो."

"आणि पाठ ताठ?"

"हो, आई."

बायको काहीतरी बोलायला पुढे आली, पण सासूबाईंनी हात वर केला आणि वर्ग शांत झाला. त्या आजींच्या लाल ओठांकडे, पिवळ्या रेनकोटाकडे, पायटांवर ठेवलेल्या त्या लांबलचक पायांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर कमरेला खोचला.

"देव घेतले नाहीत ते बरं झालं," त्या म्हणाल्या आणि हँडल धरून जागेवर बसल्या. "चला. वारा वाढतोय."

पुढच्या तासाचं वर्णन मी मागून करू शकतो, कारण मी मागेच होतो. त्यांच्या सायकलला मोटार, माझ्या सायकलला मी. वाळूच्या टेकड्या लागल्या तशी ती इरकल आणि तो पिवळा रेनकोट लहान लहान होत गेले. चढावर मला दोन शाळकरी पोरं, एक गर्भवती बाई आणि कुत्रा घेऊन पळणारा एक गृहस्थ मागे टाकून गेले. लांबून घंटी ऐकू येत होती, समोर कोणी नसताना, नुसतीच.

मी पोचलो तेव्हा दोघी समुद्राकडे तोंड करून सायकलवरच बसल्या होत्या. मध्ये ताकाची बाटली, अर्धी झालेली. आजींनी रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. "वारा," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. त्यांनी कारणही दिलं नाही. मी सायकलला धरून धापा टाकत होतो, तेव्हा माझ्याकडे न बघता त्यांनी बाटली माझ्यापुढे केली.

"घ्या. दमलात. आणि संकोच करू नका, इथे जवळ सोय आहे, मी विचारून ठेवलंय."

पुढच्या गुरुवारी त्यांना विमानतळावर सोडून आम्ही दोघं घरी आलो. घर एकदम मोठं वाटत होतं. मी टॉयलेटमध्ये गेलो, नेहमीसारखा, आणि मान वर केली.

नवा खिळा. त्या दिवशी सकाळी मी बॅगांचं वजन करत असताना वरून ठोकाठोक ऐकू आली होती, मला वाटलं शेजारी. खिळ्याला कॅलेंडर, जुलै. सगळ्या वर्षाचे वाढदिवस वळणदार अक्षरात भरलेले, शिकायला दूर गेलेल्या आमच्या मुलीचा, बायकोचा, शेजारच्या आजींचा. माझ्या वाढदिवसाला लाल शाईने 'जावईबापू', आणि खाली बारीक अक्षरात, 'पाठ ताठ'.

मी बाहेर आलो. बायको दारातच भिंतीला टेकून उभी होती, डोळे लाल, पण ओठ हसण्याच्या बेतात.

"आईंनी आपल्याकडे पण..." मी म्हणालो.

"मीच हातोडी दिली," ती म्हणाली. "सोळा वर्षं सांगतेय तुला. आता ती समोर आहे, आता तरी बस."